दिवाळीच्या सुट्टीत पोरांकडून पानं भरून घेण्यापेक्षा रोज वीस मिनिटं मोठ्यानं वाचून घ्या

ढोकी (ता. धाराशिव) : पहिल्या सत्राची परीक्षा संपली, शाळेला कुलूप लागलं आणि पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पीडीएफ येऊन पडली. ‘दिवाळी सुट्टीचा अभ्यास’. कुणी झेरॉक्सच्या दुकानातून पंचवीस पानं काढून आणतं, कुणाची मोबाईलमध्येच राहते. रोज एक पान शुद्धलेखन, दोन ते वीस पाढे लिहून काढा, धड्याखालचे प्रश्न पुन्हा सोडवा, असा मजकूर. पहिले आठ-दहा दिवस दप्तराला कुणी हात लावत नाही. भाऊबीज झाली, मामाच्या गावाहून परत आलं, की शाळा उघडायच्या आदल्या रात्री धावपळ. एक पान आई लिहिते, एक ताई लिहिते आणि पोरगं डुलक्या घेत उरलेलं उतरवतं. दुसऱ्या दिवशी वही पूर्ण. त्या वहीतून पोराला काय आलं, हे मात्र कुणी विचारत नाही.

घराघरात दरवर्षी हेच होतं, आणि त्यात एकट्या पालकाचा दोष नाही. सुट्टी पडते तीच सुगीच्या ऐन तोंडावर. सोयाबीनची रास, रब्बीची ज्वारी आणि हरभऱ्याची पेरणी, वर सणाची खरेदी. कारखान्यांचे बॉयलर पेटायचेही हेच दिवस, म्हणजे ऊसतोडीच्या टोळ्या हलायचेही हेच. उत्तर भारतात थंडी जास्त म्हणून शाळांना डिसेंबर-जानेवारीत हिवाळी सुट्टी असते. आपल्याकडं झेडपीच्या शाळेला नाताळचा एक दिवस मिळतो, तेवढाच. त्यामुळं आपली हिवाळी सुट्टी म्हणजे दिवाळीचीच. दोन आठवड्यांच्या आसपासची ही सुट्टी पहिली ते पाचवीच्या लेकरांसाठी बिनकामाची जाऊ नये आणि शिक्षाही होऊ नये, यासाठी काय करता येईल ते नीट समजून घेण्यासारखं आहे.

आधी नियम काय म्हणतो

बऱ्याच पालकांना वाटतं, जास्त अभ्यास दिला ती शाळा चांगली. केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणात उलटं लिहिलेलं आहे. पहिली-दुसरीच्या मुलांना घरचा अभ्यासच देऊ नये. तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. दिवसाला नव्हे, आठवड्याला. म्हणजे रोजचे सरासरी वीसेक मिनिटं झाले. लहान वयात हाताचे स्नायू तयार नसतात, एका जागी बसायची ताकद कमी असते आणि कंटाळा बसला तर तो वही-पुस्तकावर कायमचा बसतो, असा त्यामागचा साधा विचार.

तेव्हा पंचवीस पानांची पीडीएफ आली म्हणून घाबरायचं कारण नाही. गुरुजी-बाईंनाही ती कुठून तरी पुढं ढकललेली असते, हे त्याही मान्य करतील. त्यातलं निवडून थोडं करावं आणि शाळा उघडल्यावर ‘एवढंच झालं, पण रोज वाचून घेतलं’ असं सरळ सांगावं. बहुतेक शिक्षकांना ते पुरतं.

दोन आठवड्यांत विसरतं म्हणजे किती विसरतं

शिकलेलं न वापरता ठेवलं तर ते आधी भराभर आणि मग हळूहळू विसरतं, हे जर्मनीच्या एबिंगहाऊस नावाच्या शास्त्रज्ञानं १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून मांडलं होतं. थोड्या थोड्या दिवसांनी परत नजरेखालून घातलं की ते टिकतं, हेही त्यातलंच. शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. एकदाच धो धो पाणी सोडण्यापेक्षा पाळीपाळीनं दिलेलं पाणी मुळाला लागतं.

शाळा फार दिवस बंद राहिली तर काय होतं ते कोरोनात दिसलं. अझीम प्रेमजी विद्यापीठानं जानेवारी २०२१ मध्ये पाच राज्यांतल्या दुसरी ते सहावीच्या १६ हजारांवर मुलांची तपासणी केली. ९२ टक्के मुलं भाषेतली किमान एक गोष्ट विसरली होती आणि ८२ टक्के मुलं गणितातली. म्हणजे आदल्या वर्षी येत होतं, आता येत नव्हतं. त्या पाच राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण शेजारचं कर्नाटक आणि मध्य प्रदेश होतं, आणि आपली पोरं काही वेगळ्या मातीची नाहीत.

दिवाळीची सुट्टी काही तेवढी मोठी नाही. ज्याचं वाचन पक्कं झालंय त्या पोराला या सुट्टीनं काही होत नाही. त्यानं खुशाल खेळावं. काळजी आहे ती ज्याचं वाचन आत्ताच कुठं जमायला लागलंय त्याची. अक्षरं ओळखतंय, पण शब्द जुळवताना अडखळतंय, जोडाक्षर आलं की थांबतंय, अशा पोराचं काम अर्ध्यावर असतं. तेरच्या गोरोबाकाकांनी थापटणं मारून मडकं कच्चं की पक्कं ओळखल्याची गोष्ट इकडं सगळ्यांना ठाऊक आहे. कच्चं मडकं पावसात ठेवलं तर त्याची माती होते, पक्क्याला काही होत नाही. वाचनाचंही तसंच.

आणि यात तिसरीचं वर्ष मोठं नाजूक. दुसरीपर्यंत पोरगं वाचायला शिकत असतं. तिसरी-चौथीपासून वाचून शिकावं लागतं. परिसर अभ्यास, गणिताची शाब्दिक उदाहरणं, सगळं वाचता येतं असं धरूनच पुस्तक पुढं जातं. ज्याला वाचता येत नाही ते वर्गात बसून असतं, पण त्याच्या पदरात काही पडत नाही. म्हणूनच केंद्रानं ५ जुलै २०२१ ला निपुण भारत अभियान सुरू केलं तेव्हा २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या प्रत्येक मुलाला समजून वाचता आलं पाहिजे आणि साधं गणित आलं पाहिजे, असं लक्ष्य ठेवलं. देशात परिस्थिती काय आहे? ‘प्रथम’ संस्थेच्या २०२४ च्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांतल्या तिसरीच्या शंभरातल्या साधारण २३ मुलांनाच दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला. २०२२ ला हा आकडा १६ होता, म्हणजे सुधारणा आहे. पण ७७ मुलं अजून बाहेर आहेत. शिवाय आपल्या राज्यात २०२३-२४ पासून पाचवीला वार्षिक परीक्षा परत आलीय. नापास झालं तर पुन्हा परीक्षा, तीही नाही जमली तर पाचवीतच बसावं लागतं. तेव्हा पाचवीत जाऊन जागं होण्यात अर्थ नाही.

घरच्या घरी पाच मिनिटांत तपासा

असरवाले घरोघर जाऊन जी चाचणी घेतात ती अगदी साधी आहे, कुणालाही घेता येईल. त्यात चार पायऱ्या असतात : सुटी अक्षरं, साधे शब्द, चार ओळींचा पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. पोराला आधी परिच्छेद द्यायचा. सलग वाचला तर गोष्ट द्यायची. अडखळला तर शब्द, तेही नाही जमले तर अक्षरं. ज्या पायरीवर ते आरामात उभं राहतं तिथून सुट्टीत सुरुवात करायची. घरात पहिली-दुसरीचं पुस्तक असतंच, नसलं तर शेजारी असतं. गणितालाही असंच : एक आकडी संख्या ओळखणं, मग दोन आकडी, मग हातच्याची वजाबाकी, मग भागाकार.

एक पथ्य मात्र पाळावं लागतं. हे चारचौघांत करू नये. मामा आलेत, आत्या आल्यात, ‘वाच बरं गं हे’ म्हणून पोरीला मधे उभं केलं आणि ती अडखळली, की ती वर्षभर पुस्तक लपवते. चुलत भावाशी तुलना तर त्याहून वाईट. दिवाळीत घर भरलेलं असतं, म्हणून हे मुद्दाम सांगायचं.

चौथीतलं पोरगं दुसरीच्या पायरीवर निघालं तर? तर दुसरीचंच वाचून घ्यायचं, लाज कसली. चौथीच्या पुस्तकावर डोकं आपटून घेण्यापेक्षा दोन आठवडे खालच्या पायरीवर जाणं फायद्याचं. पोराची पायरी ओळखून शिकवायची ही पद्धत देशभरात शाळा-शाळांतून वापरून झालेली आहे.

वाचून घ्यायचं म्हणजे कसं

जागा ठरलेली, वेळ ठरलेली. सकाळी चहाच्या वेळी किंवा दिवेलागणीला. वीस मिनिटं, जास्त नाही. पोरानं ओळीखाली बोट ठेवून मोठ्यानं वाचायचं आणि मोठ्या माणसानं शेजारी बसून ऐकायचं. हातात मोबाईल न घेता.

अडखळलं की लगेच शब्द सांगू नये. मनात पाच आकडे मोजावेत. नाहीच जमलं तर शब्द सांगून पुढं जावं. प्रत्येक चुकीला थांबवलं तर वाक्याचा अर्थच हातातून जातो. तोच उतारा दुसऱ्या दिवशी परत वाचायला लावावा. हे मोठ्यांना कंटाळवाणं वाटतं, पोराला नाही. काल अडलेलं आज सुटतं तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. निपुणमध्ये दुसरीच्या मुलानं मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीच्या मुलानं किमान ६० शब्द वाचावेत असं धरलंय. ते ध्यानात असू द्यावं, पण घड्याळ लावून पोराच्या मागं लागू नये. वेग सरावानं येतो, हाणून येत नाही.

वाचून झालं की एकच प्रश्न : ‘काय झालं त्यात, सांग.’ स्वतःच्या शब्दांत दोन-चार वाक्यं आली तर समजलं. आली नाहीत तर पोरगं नुसते शब्द उच्चारत होतं. असं पुष्कळदा होतं, ते चौथीपर्यंत लपून राहतं आणि पालकांना वाटतं पोरगं घडाघडा वाचतंय.

काय वाचायचं? पहिल्या सत्राचे धडे आहेतच. पण छापलेलं सगळं वाचनच असतं. एसटीची पाटी, खताच्या गोणीवरचा मजकूर, लग्नपत्रिका, पेपरातले मथळे, किराणाची यादी, ढोकी स्टेशनवरचा फलक. आजीला देवाच्या पोथीतली दोन पानं वाचून दाखवली तर आजीही खूश आणि जोडाक्षरांचा सरावही होतो, कारण पोथीत जोडाक्षरांना तोटा नसतो. पहिलीच्या लेकराला अजून वाचता येत नसेल तर आपण वाचावं आणि त्यानं ऐकावं. गोष्ट ऐकलेल्या पोराला वाचायची ओढ लागते.

आता शुद्धलेखनाचं. पुस्तकातलं पान बघून उतरवणं म्हणजे अभ्यास, ही समजूत जुनी आहे. उतरवताना पोरगं एक अक्षर बघतं, एक काढतं, अर्थाकडं लक्षच नसतं. टीव्ही बघत बघत एक पान सहज उतरवून होतं, यातच काय ते आलं. त्यापेक्षा स्वतःच्या मनानं तीन ओळी लिहायला सांगाव्यात. आज रानात काय बघितलं, फराळात काय आवडलं, म्हशीनं काय केलं. तीन ओळी. यात चुका होणारच. ‘पाणी’चं ‘पानी’ होईल, ‘म्हणून’चं ‘म्हनून’. घरात जसं बोलतो तसंच पोरगं लिहितं, याचा अर्थ ते ऐकून नीट लिहितंय. त्याला ‘गावंढळ’ म्हणू नये. पुस्तकात कसं लिहितात ते शेजारी लिहून दाखवावं, पुरे. तांड्यावरच्या गोरमाटी बोलणाऱ्या लेकरांची आणि उमरगा पट्ट्यातल्या कन्नड बोलणाऱ्या घरांतल्या लेकरांची तर शाळेची भाषाच वेगळी असते. त्यांना गोष्ट आधी आपल्या बोलीत सांगितली, मग मराठीत वाचली, तर लवकर समजते.

सत्तेचाळीस की चौऱ्याहत्तर

गणितात लहान पोरं एका ठिकाणी हमखास अडतात आणि मोठ्यांना ते कळत नाही. ४७ लिहायला सांगितलं की पोरगं ७४ लिहितं. आई म्हणते लक्ष नाही. लक्ष असतं, भाषा आडवी येते. ‘सत्तेचाळीस’ म्हणताना आधी सात ऐकू येतो, मग चाळीस. लिहायचं मात्र आधी ४, मग ७. ‘एकोणसाठ’ त्याहून अवघड. ऐकू येतो साठ, आणि लिहायचे ५९. पोरगं ६९ लिहितं किंवा ६१ लिहितं. इंग्रजीत ‘फोर्टी सेव्हन’ आधी चाळीस मग सात, कन्नडमध्येही तसंच. मराठी-हिंदीत उलटं.

यावरून २०१९ मध्ये राज्यात मोठा गदारोळ झाला होता, तो अनेकांना आठवत असेल. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’, ‘बावीस’बरोबर ‘वीस दोन’ असं वाचन दिलं होतं. विधानसभेपर्यंत विषय गेला, टिंगल झाली. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी तेव्हा खुलासा केला होता की जुनी नावं काढलेली नाहीत, जोडाक्षरांमुळं अडणाऱ्या मुलांना आधार म्हणून दुसरी पद्धत दिली आहे. राजकारण बाजूला ठेवून बघितलं तर घरी ही युक्ती कामाची आहे. पोरगं ४७ ला अडलं तर ‘चाळीस आणि सात, म्हणजे सत्तेचाळीस’ असं दोन्ही म्हणून घ्यावं. चिंचोके घ्यावेत, दहा-दहाचे चार ढीग आणि सात सुटे. आठ दिवस रोज पाच-सहा संख्या अशा मांडल्या की बहुतेकांचा घोळ मिटतो. पाढ्यांचंही तेच. विसापर्यंतचे पाढे दहादा लिहून हात दुखवण्यापेक्षा चिंचोक्यांच्या सहा-सहाच्या ओळी मांडून सहाचा पाढा एकदा डोळ्यांनी बघू द्यावा, मग पाठ करायला लावावा.

दिवाळीत तर गणित दारात येऊन उभं असतं. मामाच्या गावाला एसटीनं जायचं. समजा फुल तिकीट ६० रुपये. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट, आणि पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं आहेच. वडील, आई आणि दोन लेकरं, किती झाले? साठ अधिक तीस अधिक तीस अधिक तीस, दीडशे. दोनशेची नोट दिली तर कंडक्टर किती परत देईल? हे चौथीच्या पोराला विचारायचं आणि तिकीट काढायला त्यालाच पुढं करायचं. तिसरीच्या पोराला मोठी संख्या दाखवायची तर २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव घ्यावा, क्विंटलला ५३२८ होता. पाच हजार तीनशे अठ्ठावीस. यातल्या तीनची किंमत किती? तीनशे. अडतीवर समजा ४२०० नं गेलं तर किती कमी मिळाले? ११२८. पोरगं उत्तर बरोबर काढतं, बापाला ते ऐकवत नाही एवढंच.

रानातल्या लाइटचं वेळापत्रक घड्याळ शिकवायला उत्तम. किती वाजता येते, किती वाजता जाते, मोटर किती तास चालली. करंजीचं पीठ मोजताना पाव, अर्धा, पाऊण. आकाशकंदील करताना चौकोन, त्रिकोण. यासाठी वही लागत नाही.

परिसर अभ्यासासाठी एक दिवस तेरला जाऊन यावं. तेर ढोकीपासून लांब नाही. तिथं रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचं सरकारी वस्तुसंग्रहालय आहे, त्यात सातवाहन काळातल्या वस्तू आहेत. तेरचा व्यापार त्या काळी थेट रोमपर्यंत होता. पुस्तकात वाचतात तो इतिहास आपल्याच तेरणेच्या काठचा आहे हे पोरानं एकदा डोळ्यांनी बघितलेलं बरं. सुट्टीत संग्रहालय उघडं आहे का, तेवढं आधी विचारून घ्यावं.

मोबाईलचं काय करायचं

मोबाईल घरात आहे आणि सुट्टीत तो पोराच्याच हातात जाणार, हे धरून चालावं. त्याचा उपयोगही आहे. बालभारतीच्या पुस्तकात धड्यापाशी चौकोनी क्यूआर कोड असतो. दीक्षा ॲपनं तो स्कॅन केला की त्या धड्याचे व्हिडिओ, सराव उघडतो. पुस्तकाला क्यूआर कोड जोडायची ही कल्पना आपल्या शेजारच्या माढा तालुक्यात वाढली. परितेवाडीच्या झेडपी शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी ती वापरात आणली, पुढं राज्यानं उचलली आणि डिसले गुरुजींना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. आपल्या हातातल्या पुस्तकावरचा तो कोड कित्येक घरांत एकदाही स्कॅन झालेला नसतो.

गुगलचं ‘रीड अलाँग’ नावाचं ॲप मराठीत गोष्ट वाचायला देतं आणि पोरगं चुकलं की बोलून दुरुस्त करतं. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या साइटवर चित्रांच्या मराठी गोष्टी फुकट आहेत. आपण बोलू ते टाइप होणारी सोय जवळपास प्रत्येक फोनच्या कीबोर्डवर असते. पोराला एक वाक्य बोलायला लावायचं आणि उमटलेलं त्यानंच वाचायचं. पोरं या खेळाला लगेच चटावतात.

पण धडा म्हणून उघडलेला फोन पाच मिनिटांत रील्सवर जातो, हे सगळ्यांना माहीत आहे. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं २०२२ मध्ये यावर उपाय काढला. संध्याकाळी सातला भोंगा वाजतो, टीव्ही-मोबाईल बंद. साडेआठला दुसरा भोंगा. आपल्या जिल्ह्यात उमरगा तालुक्यातल्या जकेकूरवाडीनंही असा भोंगा सुरू केल्याच्या बातम्या त्याच सुमारास आल्या होत्या. गावानं केलं तर चांगलंच. नाही केलं तरी एका घराला अर्ध्या तासापुरता फोन वर कपाटात ठेवायला ग्रामसभेचा ठराव लागत नाही. अट एवढीच की मोठ्यांचाही फोन वर गेला पाहिजे.

घरात शिकलेलं कुणी नसेल तर

‘आम्हालाच वाचता येत नाही, पोराचं काय बघणार?’ हे वाक्य खेड्यात घरोघर ऐकू येतं. खरं तर ऐकायला अक्षरओळख लागत नाही. पोरगं सलग वाचतंय की तोडून तोडून, हे अडाणी आजीलाही ऐकून कळतं. ‘काय झालं सांग’ हा प्रश्नही तिला विचारता येतो, आणि उत्तरात गोष्ट जुळत नसेल तर तेही तिलाच आधी कळतं. सातवी-आठवीतली बहीण किंवा शेजारची पोरगी असेल तर तिनं चार लेकरं ओट्यावर गोळा करून अर्धा तास घ्यावा. २०२२ पासून राज्यात शाळापूर्व तयारीसाठी माता पालक गट झाले, आयांना घरी करून घ्यायच्या गोष्टींची कार्डं दिली गेली. गल्लीतला तो गट उन्हाळ्यानंतर झोपला असेल तर दिवाळीत उठवायला हरकत नाही. इंग्रजी शाळेत जाणाऱ्यांच्या आयांनीही यात यावं. धडा इंग्रजीत असला तरी पोराला तो आपल्या भाषेत सांगता आला तरच समजला म्हणायचा.

ज्यांची सुट्टी सहा महिन्यांची होते

आतापर्यंतचं सगळं घरी राहणाऱ्या पोरांसाठी. पण याच सुट्टीत जिल्ह्यातल्या कळंब, वाशी, भूम, परंडा या भागांतून कोयते निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांड्याकुंड्यांबरोबर लेकरं. ढोकीला हे दोन्ही बाजूंनी दिसतं. इथून माणसं जातात आणि इथल्या कारखान्याच्या भागात बाहेरून टोळ्या येऊन कोपीही टाकतात. या लेकरांची शाळा दिवाळीला सुटते ती थेट उन्हाळ्याच्या तोंडावर भरते, आणि तोवर वर्ष संपलेलं असतं. दोन आठवड्यांत जे थोडं विसरतं ते सहा महिन्यांत पुसूनच जातं. वर धाकट्या भावंडाला सांभाळायचं काम मोठ्या पोरीच्या अंगावर पडतं, ते वेगळं.

उचल घेतलेली असते, जाणं टळत नाही. पण जाण्याआधी दोन गोष्टी करता येतात. एक, गावातच हंगामी वसतिगृहाची सोय. आई-बाप तोडीला गेले तरी पोरानं गावातच आजी-आजोबांकडं किंवा नातेवाइकांकडं राहून शाळा चालू ठेवावी आणि त्याच्या जेवणाची सोय सरकारी पैशातून व्हावी, अशी ही योजना आहे. शाळा व्यवस्थापन समितीनं मागणी करून नावांची यादी वेळेत द्यावी लागते. टोळी गेल्यावर यादी करायला बसलं तर उपयोग नसतो. समितीवर पालकच असतात, त्यांनी मुख्याध्यापकांना विचारावं : यंदा आपल्या गावातून किती लेकरं चालली, आणि प्रस्ताव गेला का.

दुसरं, पोराला बरोबर नेणारच असाल तर शाळेतून शिक्षण हमी पत्रक मागून घ्यावं. त्यावर पोराचं नाव, इयत्ता आणि काय येतं काय नाही याची नोंद असते. कारखान्याजवळच्या शाळेत ते दाखवलं की तिथं बसू देतात, आणि परत आल्यावर आपल्या शाळेत नाव जागेवरच असतं. पत्रक पिशवीत कपड्यांखाली न ठेवता मोबाईलमध्ये त्याचा फोटो काढून ठेवावा, कोपीत पाऊस-धुकं लागतं. बरोबर पहिल्या सत्राचं मराठीचं आणि गणिताचं पुस्तक, एक पाटी-पेन्सिल. एवढं ट्रॉलीत मावतं.

ढोकीच्या शिवारात आलेल्या टोळ्यांतली लेकरं दिसली तर इथल्या लोकांनीही त्यांना शाळेचा रस्ता दाखवावा. मुकादमाला विचारलं तर टोळीत सहा ते चौदा वयाची किती आहेत ते तो सांगतो. १ एप्रिल २०१० पासून लागू असलेल्या शिक्षण हक्क कायद्यानुसार दाखला यायला उशीर झाला म्हणून किंवा जन्माचा पुरावा नाही म्हणून शाळा प्रवेश अडवू शकत नाही, वर्षाच्या मधेच आलं म्हणूनही नाही. वयाप्रमाणं वर्गात बसवायचं आणि मागं राहिलेलं भरून काढायची सोय शाळेनं करायची. पत्रक न घेताच कुणी निघून गेलं असेल तर गावच्या मुख्याध्यापकांना फोन लावून पोराची इयत्ता आणि नोंद विचारून घ्यावी आणि ती जवळच्या शाळेत सांगावी. सुट्टी संपून शाळा उघडल्यावरच्या पहिल्याच आठवड्यात हे केलं तर पोराचे दिवस वाचतात.